पूर्ण मिनिट

"काहून वं, साऱ्या वॉर्डाचा श्वास वीसच?" चारुशीला मॅडमनी कागदांचा गठ्ठा हवेत धरला. "कोणाची मांडी मोडली, कोणाचा खुबा, कोण आताच उलटी करून झोपलं. अन् सारे ठरवून सारखाच श्वास घेऊन राहिले का?"

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली हाडांच्या वॉर्डात भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीनं बुटांकडे पाहिलं, दुसरीनं खिडकीकडे. मिनिटाला वीस श्वास हा आकडा या कामात भारी सोयीचा. जास्त वाटत नाही, कमीही वाटत नाही, आणि डॉक्टर तो बघून पान उलटतात. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब मशीन सांगतं. श्वास मात्र पेशंटच्या छातीकडे बघत मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला एक मिनिट किती लांब वाटतं, ते तिलाच विचारावं.

चारुशीला गजभिये मॅडम गेली पंचवीस वर्षं या वीसच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि वीस अजून जिवंत होता.

बारा कागदांपैकी अकरांवर वीस होता. बारावा मिनलचा, खाट नंबर सात. त्यावर अठ्ठावीस लिहिलं होतं.

मिनल कोराडीची. वर्गातली सगळ्यात संथ मुलगी. ती रक्तदाब बघायला बसली की पेशंटची एक झोप होते, असं मैत्रिणी म्हणत. गेल्याच आठवड्यात खुद्द मॅडमनी तिला चारचौघांत झापलं होतं, "असं काम केलं तं सकाळचं औषध संध्याकाळी देशील."

राउंड उरकत असलेले डॉक्टर आयुष पुढे आले. हुशार मुलगा, पण तीन दिवसांची झोप राहिलेली. त्यांनी कागद पाहिला आणि हसले.

"अठ्ठावीस? मॅडम, पोरीनं घाबरून स्वतःचेच श्वास मोजले वाटते. सॅच्युरेशन पंच्याण्णव आहे, ताप नाही, बाबा मस्त गप्पा मारून राहिले. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन आहे. हा आकडा पाहून भूलवाले फाइल परत पाठवतील. वीस करून टाका ना."

"मी दोनदा मोजला, मॅडम," मिनल म्हणाली. आवाज जेमतेम बाहेर आला. "पूर्ण मिनिट."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाट नंबर सातकडे निघाल्या.

सात नंबरला दादाजी होते. कुहीकडचे, साठीच्या पुढचे. धानाच्या बांधीवरून घसरून मांडीचं हाड मोडलेलं, चार दिवसांपासून पायाला वजन बांधून पडलेले. शेजारी त्यांची बायको इंदूबाई पदरानं वारा घालत होती.

"या, मॅडम. मले काही नाही झालं. ते पोरगी उगाच... घाबरून राहिली."

चारुशीला मॅडमनी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजून झाली, तरी हात सोडला नाही. या कामातली ही जुनी युक्ती. श्वास मोजताहेत हे पेशंटला कळलं की तो बिचारा नीटनेटका श्वास घ्यायला लागतो, फोटो काढताना माणूस पोट आत ओढतो तसा. म्हणून नाडीचं सोंग करायचं आणि छाती बघायची. मिशनच्या दवाखान्यात त्यांना नर्सिंग शिकवणाऱ्या रूथबाई म्हणत, हात मनगटावर, डोळा छातीवर.

"नाडी सापडून नाही राहिली का, मॅडम?" दादाजींनी विचारलं.

"सापडली. पण तुम्ही बोलले की ते लाजते. चूप रहा थोडं."

दादाजी हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. पुरतं हसायला त्यांना दम पुरला नाही. सेकंदकाटा फिरून जागेवर आला तेव्हा आकडा तीसवर गेला होता.

तीस. आणि त्या आकड्यामागून मनात रुखमाबाई आल्या, नेहमी येत तशा.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चारुशीला तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. चौदा नंबरच्या खाटेवर रुखमाबाई नावाची बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली. दुपारचे चार वाजले होते, आत्याच्या मुलीचं लग्न होतं, बस सुटायची होती. चारुशीलानं दारातूनच खाटेकडे पाहिलं, वीस लिहिलं आणि पळाली. तिसऱ्या दिवशी परत आली तर खाटेवर दुसरी बाई होती. रुखमाबाई त्याच संध्याकाळी गेल्या होत्या. कागद चाळून डॉक्टर म्हणाले होते, चारपर्यंत तर ठीक होती. रूथबाईंनी तिला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला होता, मोजला होतास ना? आणि ती हो म्हणाली होती. तेव्हापासून आजपर्यंत तिला दुसऱ्या कोणी काही विचारलं नव्हतं.

मॅडम परत आल्या. "डॉक्टर, तीस."

"अहो, पाय दुखत असंल."

"असंल. पण चार दिवस पाय बांधून पडलेला माणूस आहे. बोलता बोलता थांबून राहिला. रक्ताची गाठ छातीत गेली असंल तं? मी तीस लिहिलं, खाली माझी सही केली. तुम्ही पाहायचं नाही म्हटलं, तं तेही लिहीन. वेळेसकट."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. डॉक्टर आयुषनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि गळ्यातला स्टेथोस्कोप हातात घेऊन सात नंबरकडे वळले. या वेळी ते बराच वेळ तिथे थांबले. खालचा ओठ दातात धरून त्यांनी फोन काढला, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ऑक्सिजन लागला, स्ट्रेचर आलं. छातीची तपासणी करायला दादाजींना खाली नेलं. इंदूबाई अनवाणीच मागे धावली, म्हणून मिनल तिच्या चपला हातात घेऊन मागे धावली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, कोणी थांबवलंही नाही.

तीन वाजता वर्ग होता. विषय, नर्सिंगचा इतिहास. हा धडा मॅडम दरवर्षी डोळे मिटून शिकवत. आज मात्र कान सारखा दाराकडे होता.

"दिवा घेतलेल्या बाईचं चित्र साऱ्यांनी पाहिलं," त्या म्हणाल्या. "परीक्षेत तुम्ही दिवाच काढता. पण त्या उजेडात बाईनं केलं काय? मोजलं. किती सैनिक मेले, जखमेनं किती अन् घाणीच्या रोगानं किती. तो हिशेब तिनं सरकारपुढे ठेवला. दिवा काय, कोणीही धरते."

मुली हसल्या. मॅडमना बोलण्याचा सूर सापडला.

"आपल्या इकडे हे काम कोणी घेतलं? मिशनच्या पोरींनी, विधवांनी, नवऱ्यानं टाकलेल्या बायांनी. ज्यांच्यावाचून घरी काही अडत नव्हतं त्यांनी. लोक औषध घेत अन् पाठीमागे नावं ठेवत. मले नोकरी लागली तेव्हा जरीपटका वस्तीत खोली पाहून राहिली होती. एका घरी आडनाव विचारून नाही म्हणले, दुसऱ्या घरी नाइट ड्यूटी असते म्हणून. मंग आम्ही चौघी नर्सा एका टिनाच्या खोलीत राहिलो. हे पुस्तकात नाही."

त्यांनी पुस्तक मिटलं.

"अजून एक पुस्तकात नाही. लिहून घेऊ नका, आयका."

आणि त्यांनी रुखमाबाईंची गोष्ट सांगितली. चार वाजता, बस, दारातून टाकलेली नजर, वीस. रूथबाईंचा प्रश्न आणि आपलं हो. छत्तीस वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेलं त्या चाळीस मुलींपुढे बोलून गेल्या. सांगताना हात टेबलाची कड घट्ट धरून होते. मागच्या बाकावर कोणाचं तरी पेन खाली पडलं, ते कोणी उचललं नाही.

"मोजला असता तं त्या वाचल्या असत्या का, मले ठाऊक नाही. तेच तं. मले कधीच ठाऊक होणार नाही."

तेवढ्यात दारात मिनल उभी राहिली. ओढणी घामानं मानेला चिकटलेली.

"येऊ का, मॅडम?"

"सांग."

"फुफ्फुसात गाठ निघाली. रक्ताचीच. औषध सुरू झालं. आयसीयूत नेलं त्यांना." तिनं दम घेतला. "मोठे डॉक्टर म्हणले, उद्या तसंच ऑपरेशनला घेतलं असतं तं टेबलावरच गेले असते. आता ठीक आहेत. वाचतीन म्हणले."

वर्गातून एकदमच सुस्कारा निघाला. मॅडमचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तो इतक्या जोरात की त्या खुर्चीत बसल्याच.

"श्वास किती?"

"चोवीस. ऑक्सिजनवर."

"मोजला?"

"पूर्ण मिनिट. अन् दादाजींनी विचारलं, तुमच्या मॅडमले नाडी सापडली काय म्हणून."

मॅडम हसल्या, आणि हसताना डोळे भरून आले ते आलेच. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. रुखमाबाई काही परत आल्या नव्हत्या. पण कुहीची इंदूबाई आज आयसीयूच्या दाराशी आपल्या चपला घालून बसली होती, तिचा माणूस आत श्वास घेत होता. चार महिन्यांनी घरी जाताना सोबत न्यायला एवढं पुष्कळ होतं.

वर्ग सुटला. मुली नेहमीसारख्या धावत गेल्या नाहीत, एकेक करून हळू गेल्या. मिनल मात्र थांबली. मॅडम अजून खुर्चीतच होत्या. तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

नाडी मोजून झाली. हात सुटला नाही.

चारुशीला मॅडमच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी तसं दाखवलं नाही. खिडकीतून बाहेर सायकल स्टँडकडे बघत त्या बसून राहिल्या आणि श्वास जसा येत होता तसा येऊ दिला.