चुरा होणारं लेबल

आमच्या कारखान्यात पाण्याचे मीटर बनायचे आणि ऑफिसात मीटिंगा. नवे साहेब आल्यापासून मीटिंगांचं उत्पादन जोरात होतं. मी तिथली हेडक्लार्क. निवृत्ती तोंडावर आली होती, त्यामुळे माझ्या जिभेचा लगाम जरा सैल झाला होता.

साहेबांना आल्या आल्या साक्षात्कार झाला, की कारखान्यातल्या सामानाला पाय फुटलेत. तेव्हा प्रत्येक वस्तूवर नंबराचं लेबल लावायचं ठरलं. लेबल आणलं आणि लावलं, असं होईल तर ते ऑफिस कसलं? कोणत्या प्रकारचं लेबल घ्यायचं यासाठी समिती नेमली. साहेब अध्यक्ष, हिशेबनीस सदस्य आणि मी सचिव. म्हणजे चहा सांगायचा आणि साहेब जे बोलले नाहीत ते नीट भाषेत लिहून काढायचं.

टेबलावर तीन नमुने मांडले होते. पहिलं कागदी. त्यावर साहेबांचा जीव जडला होता, कारण ते त्यांच्या मेहुण्याच्या छापखान्यातून आलं होतं. "काय सुबक छपाई आहे!" असं ते दर थोड्या वेळाने म्हणत आणि हिशेबनीस मान डोलावत. दुसरं प्लास्टिकचं. तिसरं दिसायला अगदीच मठ्ठ, पण एकदा चिकटलं की अखंड निघत नाही. उचकटायला जावं तर त्याचा नुसता चुरा होतो.

मी वर्कशॉपमधून वंगणाचा डबा मागवला. त्यात बोट बुडवून कागदी लेबलावरून फिरवलं, तर मेहुण्याची सगळी सुबक छपाई माझ्या बोटावर आली. प्लास्टिकचं लेबल भट्टीजवळच्या पेटीला लावून पाहिलं, ते दुपारच्या आत वळून गळून पडलं. तिसरं हिशेबनीसांनी नखाने खरवडलं, मग पट्टीने. त्यांचं नख तुटलं, लेबल ढिम्म हललं नाही. "हेच घ्यायचं," मी ठणकावून सांगितलं. खरं म्हणजे लेबलांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मेहुण्याची ऑर्डर बुडवायची होती, ती बुडली, आणि त्या दिवशी मला जेवणाचा डबा फार गोड लागला.

साहेब थोडे दिवस फुगून बसले. मग वरून शाबासकीचं पत्र आलं, तेव्हा ते तिसरं लेबल मुळात त्यांनाच सुचलेलं निघालं.

लेबलं लावायला बाहेरची माणसं आली तेव्हा मी रजेवर होते. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत येऊन बघते तर कपाटं, पंखे, बादल्या, कचऱ्याचे डबे, कशालाच सोडलेलं नाही. आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवरही तेच मठ्ठ लेबल.

खुर्ची कंपनीची नव्हती. मी बुटकी. नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या खुर्चीत माझे पाय लोंबकळायचे आणि सगळे हसायचे. माझे वडील सुतार. त्यांनी माझ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं, सागवानी खुर्ची केली आणि स्वतः खांद्यावरून ऑफिसात आणून ठेवली. दुसरं कुणी तिच्यात बसलं तर त्याचे गुडघे हनुवटीला लागतात. बाबा गेले, आणि त्यांच्या हातचं हे एवढंच उरलं. निवृत्तीच्या दिवशी ती घरी न्यायची, बाकी कंपनीकडून मला काही नको होतं.

"साहेब, ती खुर्ची माझी आहे."

"बिल दाखवा."

"वडिलांनी केलीय. बापाकडून बिल कोण घेतं?"

"मग लेबल म्हणेल ते खरं." साहेब हसले. "आणि बाई, लेबल तर तुम्हीच निवडलंय. मस्त टिकतं हं."

माझं डोकं तापलं. त्याहून जास्त मी खजील झाले, कारण ते खोटं बोलत नव्हते.

त्याच सुमारास झाडूवाल्या मावशी लेबलवाली बादली घेऊन बाहेरच्या नळावर गेल्या. साहेबांनी फाटकावरच्या वॉचमनला सगळ्यांसमोर झापलं. त्याला आम्ही पहिलवान म्हणायचो. "लेबल असलेली वस्तू कुणाचीही असो, बाहेर जाता कामा नये! बिल दाखवायचं, नाहीतर समितीच्या अध्यक्षाची आणि सचिवाची, दोघांच्या सहीची चिठ्ठी." पहिलवानाने ते वाक्य पाठ करून टाकलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मी खुर्चीची चिठ्ठी लिहून साहेबांकडे नेली. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि चिठ्ठी परत सरकवली. दुपारी याच माणसाने माझ्या निरोपाचं भाषण केलं, त्यात मी कंपनीची अमूल्य ठेव होते. भाषण संपवून साहेब निघाले. मेहुण्याच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं, आणि भोंग्याआधी निघणं ही तर त्यांची रोजची शिस्त.

भाषणाआधी मी पार्किंगमध्ये एक चक्कर मारून आले होते. उरलेली लेबलं सचिव म्हणून माझ्याच ताब्यात होती. साहेबांच्या गाडीची पुढची काच इतकी लख्ख होती, की हात आवरला नाही. बरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लावलं.

फाटकावरचा आरडाओरडा खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होता.

"अरे, माझी स्वतःची गाडी आहे ही!"

"बिल दाखवा, साहेब."

"बिल काय खिशात घेऊन फिरू? घरी आहे!"

"मग चिठ्ठी आणा. दोघांच्या सहीची. कुणाचीही असो, असं तुम्हीच म्हणालात."

साहेब धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. मी दोन्ही चिठ्ठ्या लिहूनच ठेवल्या होत्या.

"आधी खुर्चीची," मी म्हटलं.

त्यांनी दात-ओठ खात दोन्हींवर सह्या ठोकल्या. खुर्चीच्या चिठ्ठीवर मी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. शाई वाळू दिली. गाडीची चिठ्ठी पुढे ओढली आणि भोंगा वाजला. मी पेनाला टोपण लावलं.

"आता काय झालं?"

"भोंगा झाला, साहेब. मी निवृत्त. माझी सही आता चालायची नाही."

"बाई, एका मिनिटाने काय आभाळ कोसळतंय?"

"नियम म्हणजे नियम. नवा सचिव आता समितीने नेमायचा. अध्यक्ष तुम्हीच आहात, बोलवा की मीटिंग."

पहिलवानाने माझी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुर्ची स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. मागे साहेब आणि हिशेबनीस पट्ट्या घेऊन काच खरवडत होते. बॉनेटवर चुरा पडत होता.

घरी वहिनी नव्या डोळ्यांनी खुर्ची न्याहाळत म्हणाली, "वन्सं, ते लेबल तेवढं काढून टाका बाई."

मी ओलं फडकं घासलं, तेल लावलं, शेवटी सुरी घेतली. अर्धं लेबल निघालं आणि त्याबरोबर बाबांनी केलेलं पॉलिशही निघायला लागलं. तिथेच थांबले. उरलेलं अर्धं पाठ टेकली की बोचतं. बोचू दे. निवडलं मीच होतं.