नव्या लेबलाची बॅटरी

"नळाचं पाणी घालू नकोस म्हणून शंभरदा सांगितलं तुला," चासिब म्हणाला. "बसऱ्याच्या नळाला अर्धा समुद्र येतो. त्या पाण्याचा चहा आपण पीत नाही, आणि तू ते बॅटरीला पाजतोस?"

"बॅटरी काय तक्रार करणार आहे का, अबू वसन?" लुअय हसला आणि त्यानं नळी तशीच चालू ठेवली.

दुकानामागच्या अंगणात भंगारातून आणलेल्या तीसेक बॅटऱ्या झाकणं उघडून मांडल्या होत्या. त्यांच्यातलं जुनं काळपट आम्ल मोरीत ओतलेलं होतं. जुलैचं ऊन, वर नासक्या अंड्यांचा वास.

या दुकानात त्यानं एकतीस वर्षं काढली होती. मुलगी वसन, तिचा बाप म्हणून सगळा बाजार त्याला अबू वसन म्हणायचा. दुकानाचे जुने मालक, लुअयचे वडील हाजी मजबल, हयात होते तेव्हाची रीत वेगळी होती. गिऱ्हाईक 'बॅटरी गेली' म्हणत आलं की आधी टोकं बघायची. त्यांच्यावर चढलेली हिरवट भुकटी खायच्या सोड्यानं धुवायची, पकडी घट्ट करायच्या, वर व्हॅसलीन चोळायचं, बॅटरीचं शुद्ध पाणी भरायचं. दहातल्या चौघांना तरी 'जा, अजून एक उन्हाळा निघेल' म्हणून परत पाठवायचं. म्हणूनच चासिबनं 'आता बदला' म्हटलं की लोक बदलत. दुसरीकडे विचारायला जात नसत.

हाजी गेले आणि लुअयनं हे सुरू केलं. मेलेली बॅटरी धुवायची, दोन दिवस चार्जिंगला लावायची, वर चकचकीत निळं लेबल चिकटवायचं. जुनी तारीख घासून काढायचं काम चासिबचं. दोन महिने तो ते करत होता. एकोणसाठाव्या वर्षी मला कोण उभं करणार, असं तो बायकोला सांगे. पण हाताचा वास जाईना म्हणून तो चमच्यानं भात खायला लागला, हे तिनं पाहिलं होतं.

दहाच्या सुमारास इब्तिहालबाई आल्या. त्यांनी वसनला शाळेत गणित शिकवलेलं. आता निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याची मूत्रपिंडं गेलेली. त्याला रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा इस्पितळात न्यायचं, तेही स्वतः गाडी चालवत.

"अबू वसन, सकाळी तीनदा किल्ली फिरवली तेव्हा कुठं सुरू झाली. परवा तर दिवेही मिणमिणत होते. मागच्या वर्षीसारखी धुऊन द्या की. उद्या सकाळी आठला इस्पितळात पोचायचंय."

चासिबनं मीटर लावला. "बाई, गाडी सुरू करा." इंजिन कुंथलं आणि काटा धाडकन खाली आला. बॅटरीच्या कुशी फुगल्या होत्या.

"चार उन्हाळे काढले बाई हिनं. बसऱ्यात दोन काढले तरी पुष्कळ. आता धुऊन उपयोग नाही."

"तुम्ही म्हणता ना, मग बदला."

लुअय आतून निळ्या लेबलाची बॅटरी घेऊन आला. "एकदम नवी, बाई! काल पेटी फोडली."

बॅटरीच्या मुठीचा एक कोपरा उडालेला होता. चासिबनं ओळखली. गेल्या आठवड्यात एका टॅक्सीवाल्यानं ती लाथ मारून टाकून दिली होती, आणि तिची तारीख चासिबनं स्वतःच घासली होती.

"चांगली आहे ना?" बाईंनी विचारलं. लुअयला नाही, त्याला.

लुअय त्याच्याकडे बघत होता. चासिबनं मान खाली घातली, आधी लाल तार जोडली, मग काळी. "बसली," तो म्हणाला. तेवढंच.

बाईंनी पिशवीतून घरच्या खजुराच्या वड्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. त्या गेल्यावर त्यानं एक तोंडात घातली आणि मोरीवर जाऊन थुंकली.

"बघ, किती सोपं असतं!" लुअय म्हणाला. "लोकांना तुझं तोंड बघून विश्वास बसतो, अबू वसन. ते तोंड म्हणजे आपली गॅरंटी."

चासिबला त्याच्या दातांची, अंगावरच्या अत्तराची, सगळ्याची शिसारी आली. आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. त्यानं घासायचा कागद लुअयच्या पुढ्यात ठेवला.

"उद्यापासून तारखा तू घास."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो स्वतःची जुनी पांढरी गाडी घेऊन बाईंच्या फाटकाशी उभा राहिला. आत बाई किल्ली फिरवत होत्या. टक्, टक्. पुढं काही नाही. मागच्या सीटवर नवरा उशी पोटाशी धरून, सुजलेल्या तोंडानं बसला होता.

चासिबनं आपल्या गाडीतली बॅटरी काढली. सहा महिन्यांपूर्वी त्यानं स्वतः निवडून घेतलेली. ती बाईंच्या गाडीत बसवली.

"ती कालची खराब निघाली म्हणायची," बाई म्हणाल्या.

"निघाली नाही. होतीच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, अबू वसन. त्या पोराला नाही, तुम्हाला."

त्यानं डिकीतून हातोडा काढला आणि कालच्या बॅटरीची दोन्ही टोकं ठेचून सपाट केली. पुन्हा कुणाला विकता येऊ नये म्हणून. ठोक्यांनी कड तडकली आणि तिच्यातून नळाचं खारट, गढूळ पाणी फरशीवर ओघळलं.

बाईंची गाडी एका फिरकीत सुरू झाली. पण फाटकात चासिबची गाडी आडवी, आणि आता तिच्यात बॅटरीच नव्हती. आठला इस्पितळात पोचायचं होतं.

तो एका हातानं स्टिअरिंग धरून खांद्यानं रेटू लागला. गाडी हलेना. बाई आपली गाडी चालूच ठेवून उतरल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या गाडीमागं जाऊन डिकीवर दोन्ही तळवे टेकले. उन्हानं पत्रा आत्ताच तापला होता.

"हं, लावा जोर," त्या म्हणाल्या.

गाडी सरकली.