खेळ सुटल्यावरचं काम

सलमाबादच्या शेडमध्ये सकाळी दिवे लागले, की फारुख आधी क्रेनचा हूक पाहायचा, मग दोर, मग हातातली बटणांची पेटी. रिकामा हूक एकदा वर-खाली करून, शेडच्या टोकापर्यंत नेऊन आणल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. बहरीनला आल्यापासूनचा हा शिरस्ता. अलीकडे मात्र चहाचा कप तो दोन्ही तळव्यांत उगीच बराच वेळ धरून बसे. उजव्या हाताची बोटं बधिर होत; कोणतं बटण दाबलं ते त्यांना कधी कधी उमगत नसे. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. क्रेन सुटली की व्हिसा सुटला, आणि दापोलीला लेकीचं, शमाचं, फार्मसीचं शिक्षण अर्ध्यावर होतं.

त्या आठवड्यात सुरक्षेचे धडे द्यायला वेस्ली नावाचा अमेरिकन आला होता. दारातून तिरका होऊन शिरणारा, बाजूला पाहायचं तर खांद्यांसकट वळणारा.

"फारुखभाई, हा ट्रेनर नाय, ही नवी क्रेन आहे," अर्शद म्हणाला. ओझ्यापाशी उभं राहून फारुखला हातानं इशारे देणं हे त्याचं काम. "तुमची सुट्टी झाली समजा! अमेरिकन फुटबॉलमध्ये मोठं नाव होतं म्हणे. मी मोबाईलवर बघितला. याच्या हातात बॉल येतच नाय, नुसता समोरच्याला ढकलतोय."

फारुखला चैन पडेना. भरल्या स्टेडियमात ज्याच्या नावाचा गजर व्हायचा, तो माणूस इथल्या धुळीत हेल्मेटचे पट्टे कसा तपासतो? जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"सर, एक विचारू? खेळ सुटल्यावर तुमच्याकडे माणूस करतो काय?"

वेस्ली हसला. "काहीही. आमच्यातला एक टीव्हीवर बोलतो, तो सगळ्यांना ठाऊक. एक शाळेत मुख्याध्यापक आहे. एक मोटारी विकतो, आणि गिऱ्हाइकाला आधी आपला जुना सामना ऐकवतो."

"गाडी खपते?"

"सामना थांबवायला लोक गाडी घेतात!"

फारुखही हसला. मग म्हणाला, "आणि तुमचं काय झालं?"

"मान दुखावली होती. एका सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. माझ्या मागे चेंडू फेकणारा उभा असायचा. त्याला राखायचं, एवढंच माझं काम. तो माझ्याकडे कधी वळूनसुद्धा बघत नसे, इतका निर्धास्त. त्या दिवशी मी स्वतःच डॉक्टरकडे गेलो, आणि खेळ सुटला."

"मग?"

"मग वर्षभर फोन वाजला नाही. बायको म्हणायची, घरात कपाट ठेवल्यासारखा उभा असतोस. पुढे एका बंदरावर काम मिळालं. समोरचा माणूस कोणत्या पायावर झुकतोय, एवढंच मी आयुष्यभर पाहत आलो होतो. टांगलेलं ओझंही तसंच झुकतं."

दुपारी लांब लोखंडी गर्डर उचलायचा होता. साखळ्या अडकवून अर्शद बाजूला झाला आणि वर न पाहताच त्यानं हात उंचावला. फारुखनं पेटीकडे पाहिलं. बोटं होती, पण त्यांच्याखाली बटण आहे की नाही हे डोळ्यांनीच पाहावं लागत होतं. त्यानं पेटी बंद केली आणि ऑफिसात गेला.

सुपरवायझर राजन पुण्याचे. त्यांनी मान वर केली. "काय फारुखभाई, उचलला गर्डर?"

"नाही साहेब. माझा हात बधिर होतो. महिना झाला."

"महिना? आणि आज सांगताय?"

"आज सांगतोय. आपल्या ताहिरकडेही क्रेनचं लायसन्स आहे, गर्डर तो उचलेल. माझ्या नोकरीचं तुम्ही बघा."

राजननी ड्रायव्हरला फोन लावला. "आधी दवाखाना. बाकीचं उद्या बोलू."

ताहिरला बोलावून फारुखनं पेटी त्याच्या हाती दिली. कोणतं बटण जरा अडतं, तेही सांगितलं. अर्शद लांबून ओरडला, "फारुखभाई, यल्ला, चला लवकर! झोपलात काय?"

फारुखनं डाव्या हातानं ताहिरकडे बोट दाखवलं आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला.