साडेअकराची फेरी

तिचे वडील रोज साडेअकराला घरातून निघत. पाळी दोनला सुरू व्हायची, कारखाना दहा मिनिटांवर, पण साडेअकरा म्हणजे साडेअकरा. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणायचे आणि जाड तळव्यांचे बूट चढवायचे. असले बूट घालून पाय मोकळे करायला कोण जातं, हे विचारायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. उत्तर तिला माहीत होतं.

कारखाना इस्पितळांच्या चादरी धुण्याचा. मागच्या अंगाला बॉयलरची खोली, आणि तिथं वडिलांनी तेवीस वर्षं काढलेली. बॉयलरची घरघर त्यांच्या दोन खोल्यांपर्यंत ऐकू यायची. लोकांच्या घरात घड्याळाची टिकटिक असते तशी ती. सकाळी सहा ते दोनची पाळी ज्याची होती त्याला सगळे पेंगुळ म्हणत, आणि नाव शोभत होतं. बायको अंथरुणाला खिळलेली, रात्रभर तिच्यासाठी उठबस, आणि दिवसा बॉयलरची ऊब. माणूस दगडाचा असता तरी पेंगला असता. याच पेंगुळनं दहा वर्षांपूर्वी साहेबाचे कान भरून वडिलांची बढती घालवली होती. ते वडील विसरले नव्हते, फक्त मनात ठेवत नव्हते.

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या काचेच्या नळीत दिसतं. पण नळीच्या वाटेत गाळ साचला की काच खोटं बोलते. आत पाणी तळाला गेलेलं असतं आणि काचेत निम्म्यावर उभं दिसतं. म्हणून दर चार तासांनी नळीखालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, कॉक बंद करायचा, आणि पाणी झटकन पुन्हा चढतं का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. मग वहीत सही. पेंगुळ आठची तपासणी स्वतः करायचा. बाराच्या वेळी त्याची हनुवटी छातीला टेकलेली असायची. पाणी कमी झालं की वाजणारी घंटा होती, पण ती बिघडून दुरुस्तीला गेली होती आणि सात महिने परत आली नव्हती. त्या सात महिन्यांत बाराची तपासणी वडीलच करत आले होते आणि सहीही स्वतःच्याच नावानं करत होते. खोटी सही त्यांच्या हातून झाली नसती.

हिवाळ्यात एकदा ते चष्मा विसरले म्हणून ती तो द्यायला गेली होती. पेंगुळ स्टुलावर घोरत होता, वडील कॉकपाशी वाकलेले. त्यांनी तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "उपकार गाजवायचे नसतात. आणि त्याची नोकरी गेली तर ती बाई कुणाकडं बघणार?"

ती काही बोलली नाही. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायची. जन्मानं ख्रिस्ती, पण वाचता वाचता ताओच्या, म्हणजे जुन्या चिनी तत्त्वज्ञानाच्या, वाटेला लागलेली. लागलेली म्हणजे पुस्तकातून. दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये, जोर लावू नये, गोष्टी आपल्या गतीनं मार्गी लागतात, हे तिला पटलं होतं. मुख्य म्हणजे ते सोयीचं होतं.

त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशी व्याख्यान. विषय, ख्रिस्ताची नीती आणि ताओची नीती. टेबलावर कागदांचा पसारा. वडील बूट चढवून दाराशी आले आणि वाकून बघायला लागले.

"काय म्हणतोय तुझा ताओ आज?"

"नावं ठेवायची असतील तर नाही वाचणार."

"वाच गं. बॉयलरवाल्यालाही थोडं ज्ञान मिळू दे."

तिनं वाचलं. दोघांचंही पटतं ते कुठं, तर खाली उतरण्यात. एक गुरू शिष्यांचे पाय धुतो, दुसरा म्हणतो पाण्यासारखे व्हा, कुणाला नको असलेल्या खोलगट जागी जा. वाईटाला चांगल्यानं उत्तर द्या, हेही दोघांचं. वडील मान डोलावत होते.

"मग भांडण कुठाय?"

"भांडण पुढं आहे. तुमचा माणूस निघतो. हरवलेल्याला शोधतो, शत्रूच्या दारात जातो. ताओचा माणूस मध्ये पडत नाही. गढूळ पाणी ढवळू नये, गाळ आपोआप खाली बसतो."

वडील खो खो हसले. "बाई गं! आमच्याकडं गाळ खाली बसला की माणसं वर जातात."

तीही हसली. घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"आणि रस्त्यात कुणी पडलाय," ते म्हणाले. "तुझा ताओवाला काय करील? गाळ बसायची वाट बघील?"

"उचलील. पण उचललं याचा हिशेब मनात ठेवणार नाही."

"मग तो आमचाच झाला की."

"नाही. बाबा, दोघांतला फरक सांगू? तुमचा माणूस कधी कधी पडलेल्याला उठूच देत नाही. त्याच्या वाटचं सगळं स्वतःच करतो. त्यात पडलेल्याचं भलं किती आणि आपलं समाधान किती, ते बघायला नको?"

त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. कुणाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिला कळलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "पळताय कशाला? बसा ना पाच मिनिटं."

ते बसले. बूट पायात, टोपी मांडीवर. "बोल, मास्तरीणबाई."

पाच मिनिटांची पंचवीस झाली. ते म्हणत होते, प्रेम काही विचारून करत नाहीत. ती म्हणत होती, न विचारता केलेल्या प्रेमानं समोरचा आंधळा होतो. ते म्हणाले, "आंधळा झाला तर मी आहे ना हात धरायला." ती म्हणाली, "आणि तुम्ही नसलात तर?"

याचं उत्तर त्यांना सुचलं नाही. असं फार क्वचित व्हायचं, आणि तिला बरं वाटलं. नंतर त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली, पण त्या वेळी बरंच वाटलं होतं. ते उठले, टोपी घातली. "संध्याकाळी सांगतो," म्हणाले.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. जिन्यावरून बुटांचा आवाज नेहमीपेक्षा भराभर गेला. तिनं ‘भांडण पुढं आहे’ या वाक्याखाली रेघ मारली.

आवाज असा आधी आलाच नाही. खिडकीची तावदानं आत ढकलल्यासारखी हलली, टेबलावरचा पेला सरकला, आणि मग दणका. तिला भीती वाटली ती त्याच्यानंतर. घरघर थांबली होती. जन्मभर कानात असलेला आवाज गेला, आणि गल्लीत कुणीतरी ओरडायला लागेपर्यंत घर मुकं झालं होतं.

नवव्या दिवशी पेंगुळ आला. उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला, भुवया जळून गेलेल्या. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"ताई, दादांनी मला कॉलरला धरून दाराबाहेर फेकलं. काच निम्मी दाखवत होती, पण त्यांनी नुसता आवाज ऐकून ओळखलं. मला म्हणाले, पळ, बायको आहे तुला. आणि आग बंद करायला परत आत गेले."

"तुम्ही झोपला होतात?"

त्यानं बांधलेला हात डाव्या हातानं सावरला. "उद्या चौकशीचा शेवटचा दिवस. मी सांगितलंय की बाराची तपासणी दादांचीच असायची. वहीत सात महिने त्यांचीच सही आहे."

"तसं ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं. पण चालत होतं ना तसं." त्याचा आवाज फाटला. "गेलेल्या माणसाला आता कोण काढणार कामावरून? दादा असते तर त्यांनीच म्हटलं असतं, माझ्यावर घाल."

हे खरं होतं. म्हणून तर तिच्या अंगावर काटा आला.

तो गेल्यावर ती तेच कागद घेऊन बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी सरणावरूनही हो म्हणणारा. वडिलांची शिकवण सांगत होती, क्षमा कर, मोजू नकोस कितव्यांदा. तिची शिकवण सांगत होती, नावलौकिकासाठी झगडू नकोस, सोडून दे. जन्मभर ज्या दोन गुरूंना तिनं एकमेकांशी झुंजवलं, ते दोघं आज खांद्याला खांदा लावून तिच्या तोंडावर हात ठेवून उभे होते. तिला त्या हातांची ऊब आवडली. इतकी की तिला संशय आला.

दोघांपैकी कुणी कुठं म्हटलंय, की खोटं चालू द्या? वडिलांचा ख्रिस्त तर हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, असं सांगणारा. आणि ताओचा माणूस आपला हात मागं घेतो, पण बघितलेलं न बघितल्यासारखं करतो असं तिनं कुठंच वाचलं नव्हतं. ते तिनं स्वतःच घातलं होतं.

चौकशी कारखान्याच्या जेवणघरात होती. लांब टेबल, पलीकडं अधिकारी, बाजूला व्यवस्थापक. भिंतीपलीकडं बॉयलरच्या खोलीवर ताडपत्री ओढलेली, वाऱ्यानं ती उठायची आणि आपटायची, आणि दर आपटीला व्यवस्थापकाचा खांदा उडायचा. पेंगुळ कोपऱ्यात बसला होता.

व्यवस्थापकानं हळहळ व्यक्त केली. "देवमाणूस. पण वयोमानानं वेळ चुकली. स्वतःहून घेतलेली जबाबदारी होती. आमचं त्यांच्यावर काही म्हणणं नाही."

"तेवढं लिहितो," अधिकारी म्हणाला. "तपासणी मृताच्या अंगावर होती, ती वेळेवर झाली नाही." त्यानं कागद तिच्याकडं सरकवला. "तुम्ही इथं सही करा. काही सांगायचं नसेल ना?"

पेंगुळनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि त्यामागं रात्रभर जागणारं एक घर. पेन तिच्या हातात आलं होतं. ताडपत्री आपटली.

तिनं पेन खाली ठेवलं.

"सांगायचंय," ती पेंगुळकडं हात करून म्हणाली. "बाराची तपासणी यांची होती, माझ्या वडिलांची नव्हती. यांना झोप लागायची कारण रात्री बायकोपाशी जागायचे. यांना काय शिक्षा द्यायची ते ठरवताना हेही लिहा. घंटा सात महिने नव्हती, ते कुणामुळं, तेही लिहा. माझ्या बाबांनी हे सगळं झाकलं. त्यांची चूक होती, पण ती दयेची होती, आणि शेवटी त्यांनी तिची किंमत स्वतः दिली."

"ताई..." पेंगुळ पुटपुटला.

"थांबा, माझं राहिलंय." तिचा आवाज तिला परका वाटला, पण तो थांबला नाही. "मला माहीत होतं. हिवाळ्यापासून. यांना झोपलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका शब्दानं काम झालं असतं, बाबांना नाही तर यांना, यांना नाही तर व्यवस्थापकांना. मी बोलले नाही. बाबांशी भांडण नको होतं, आणि त्या गप्प बसण्याला माझ्याकडं चांगलं नाव होतं. त्या दिवशी ते वेळेवर निघाले होते. मी त्यांना बसवून घेतलं. ते कुठं निघालेत आणि कशासाठी, हे ठाऊक असून बसवलं. मला वाद जिंकायचा होता. हेही लिहा, मग सही करते."