काळ्या पट्टीचा पेला

मी एक जुना स्टीलचा पेला आहे, मित्रांनो. ताईचं लग्न झालं त्या वर्षी, लग्नाच्या जेवणासाठी आणलेल्या डझनभर पेल्यांबरोबर मी घरी आलो. लग्न उरकलं आणि ताईचा धाकटा भाऊ विद्यापीठात शिकायला निघाला. आईने मला त्याच्या पेटीत खुपसलं.

वसतिगृहात त्याला सगळे लंबू म्हणत आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला पैलवान. दोघांचं सगळंच सामाईक होतं. साबण, चपला, मी आणि फळीवरचा एकुलता एक रेझर. पैलवान दाढी करताना हमखास कापून घ्यायचा. मग रेझर नळाखाली धरून म्हणायचा, "घे लंब्या, तुझ्या चार केसांना एवढी धार पुरे!"

दुसऱ्या वर्षी लंबूने रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून त्याला बोलावणं आलं. त्याला हेपटायटिस बी निघाला. म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृत पोखरणारी कावीळ.

त्याच संध्याकाळी पैलवानाने माझ्या गळ्याभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळली.

"राग मानू नकोस गड्या, पण आजपासून हा तुझा एकट्याचा."

"बरोबर आहे तुझं," लंबू मान खाली घालून म्हणाला.

मला खिडकीत एकटं ठेवलं. रेझर मात्र फळीवरच राहिला! येणारी-जाणारी मुलं दारातून मला बघून जात. मेल्याहून मेल्यासारखं होई. लंबू तर चारचौघांत पाणीही पिईनासा झाला.

एके दुपारी ताई भेटायला आली. तहानलेली होती, तिने मला उचललं.

"ताई, तो नको!" पैलवान ओरडला.

"का रे? भोक पडलंय का याला?"

कारण कळलं तशी तिने मला पिशवीत घातलं आणि दोघांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. "या बिचाऱ्याला कशाला शिक्षा? पेल्याने हा आजार होत नाही. रेझर कोणाचा वापरता?"

"एकच आहे, दोघांत," लंबू म्हणाला. डॉक्टरांची नजर पैलवानाच्या दंडावरच्या गोंदणाकडे गेली. "आणि हे?"

"रस्त्यावर काढलं. आम्ही सगळ्या मित्रांनी, एकाच सुईने."

"मग तुमचंही रक्त तपासू."

पैलवानाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, पट्टीकडे. "उद्या येतो," तो म्हणाला.

ताई तिथेच मला भरून घटाघटा पाणी प्यायली. घरी परतल्यावर तिने लस घेतली. लंबूने पट्टी ओरबाडून काढली, स्वतःचा वेगळा रेझर आणला. रक्त तपासून घे म्हणून पैलवानाच्या तो किती विनवण्या करी! उत्तर एकच, "माझ्याही पेल्याला पट्टी लावायचीय का तुला?"

मित्रांनो, ती पट्टी त्यानेच लावली होती, पण ती मिरवली मी. तिलाच तो भ्याला. त्या चिकटाचा डाग अजून माझ्या गळ्यावर आहे आणि घासणाऱ्याचा हात तिथे थांबला की मला लाज वाटते.

दुसऱ्या कोणाचा रेझर किंवा सुई वापरू नका. लस मिळते, ती पूर्ण घ्या. रक्त तपासायला लाजू नका. आणि कोणाचा पेला वेगळा करू नका, म्हणजे दुसऱ्याला लाजावं लागणार नाही.

लंबू औषध घेतो, दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेतो. त्याच्या घरात मी सगळ्यांचा पेला आहे.

पैलवानाने रक्त तपासलंच नाही; याच आजाराने झालेल्या यकृताच्या कर्करोगाने तो गेला. ताईची मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या वर्षी.