माझ्या जबड्यातला लगदा

मित्रांनो, नाक दाबून ऐका. मी एक जुना व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा आहे आणि माझ्या तोंडाला शिळ्या तेलाचा वास मारतो. समोर येईल ते काम जबड्यात घट्ट धरून ठेवायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा. कारखान्याने मला भंगारात काढलं, तेव्हा तिथल्या एका टर्नरने, म्हणजे लेथवरच्या कारागिराने, घरी आणून मागच्या खोलीत ड्रिल मशीनखाली बसवलं.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पाळणाघरातल्या पलंगांच्या कठड्यांसाठी साठ लोखंडी खिट्ट्या करायच्या होत्या. त्याने मला ॲल्युमिनियमचे नवे जबडे लावले, त्यांत खिट्टीच्या मापाची खाच कोरली, बाजूला एक स्टॉपर बसवला. खिट्टी खाचेत ठेवायची, स्टॉपरला टेकवायची, दांडा अर्धा फेरा फिरवायचा आणि भोक पाडायचं. दर वेळी मोजमाप करायला नको.

‘‘बघितलंस नवऱ्याचं डोकं?’’ तो बायकोला म्हणाला. मीही फुशारलो.

दहा खिट्ट्यांपर्यंत तो दर खेपेला खाचेत ब्रश फिरवायचा. मग कंटाळला. भोक पाडताना निघालेला लोखंडाचा कीस तेलात भिजून माझ्या हिरड्यांत काळा लगदा साचला. त्यावर त्याने फुंकर मारली. फुंकर कसली, निम्मी थुंकीच! शेवटी हाताला लागलं ते फडकं त्याने माझ्या तोंडात कोंबलं.

‘‘अहो! बाळाचं तोंड पुसायचं फडकं ते!’’ बायको किंचाळली.

‘‘धुतलं की झालं गं.’’

‘‘त्यातला कीस धुऊन निघतो का? टाका ते आधी!’’

तिने टोपलीतली एक तयार खिट्टी उचलली, कोपऱ्यातल्या नमुन्याच्या कठड्याला लावली आणि कठडा गदागदा हलवला. खिट्टी सुटली. दुसरी लावली. तीही सुटली.

‘‘केसाएवढा फरक असेल. चालतंय.’’

मित्रांनो, त्या लगद्यापेक्षा मला हा शब्द घाण लागला.

‘‘मुलं कठडा धरूनच उभी राहतात,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्यापासून आपलं बाळही त्याच पाळणाघरात राहणार आहे. त्याच्या पलंगाला यातली कुठली लावू, सांगा.’’

मग वाकून त्याने माझ्या खाचेत पाहिलं. लगद्यावर खिट्टी तिरकी बसत होती, म्हणून भोकही तिरकं पडत होतं. त्याने एकेक खिट्टी कठड्याला लावून पाहिली. तेवीस भंगारात गेल्या.

मित्रांनो, नवं काम लावण्याआधी माझ्या तोंडात ब्रश फिरवत जा. दोन सेकंद लागतात. मला थुंकून टाकता येत नाही. वाकडं ठेवलंत, तर वाकडंही मी तितकंच घट्ट धरतो.