सुंदराबाईंचा गळा आणि थिजणारा कॉम्प्युटर

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या चंदनच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बघ्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या सुंदराबाईंनी सूर लावला, की त्याचा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर जागीच थिजायचा. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना. बाकी कुणीही गायलं, तर काही होत नसे.

बाधा उतरवणाऱ्या वामनमहाराजांना बोलावलं होतं. त्यांनी डोळे मिटून निदान केलं. "या गळ्याले बाधा हाय. आवाज घुमवाले तुमी जो एको लावता, तो भुताचा तिकडून आलेला जबाब हाय. बंद करा तो."

चंदनने एको बंद केला, महाराजांनी पडद्यावर अंगारा फुंकला. सुंदराबाई गायल्या आणि कॉम्प्युटर चालत राहिला. लोकांनी हात जोडले. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या चंदननेही जोडले. अंगारा मशीनच्या पंख्यात जाऊ नये म्हणून तेवढा पुसून घेतला, हीच काय ती त्याची विज्ञाननिष्ठा.

पण बाधेची गोष्ट गल्लीभर झाली. सुंदराबाईंना बारशात गायचं बोलावणं येईना. त्यांनी गाणंच सोडलं.

हे ऐकून चंदनची बहीण रागिणी अमरावतीहून आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"दादा, बाईंच्या आवाजाले एको कोणता लावत होतास?"

"सगळ्यात भारी. त्यांचा गळाच तसा हाय."

"आन बाकीच्यांले?"

"साधा."

रागिणीने तोच भारी एको लावला आणि स्वतः बेसूर गायली. पडदा थिजला.

"आता माह्या अंगात कोण आलं, ते विचार तुह्या महाराजाले."

मशीन पुन्हा सुरू करून तिने सेटिंग उघडलं. आवाज तुटू नये म्हणून चंदनने ऑडिओच्या प्रोग्रामला सगळ्यांच्या आधी मान दिला होता, आणि इतर कामांसाठी राखलेला प्रोसेसरचा वाटाही बंद करून टाकला होता. भारी एको सगळा प्रोसेसर खाई. माउसची पाळीच येत नसे.

"हे काहून केलं?"

"जास्त अधिकार, तर चांगला आवाज, असं वाटलं मले."

"पंगतीत एकालेच वाढत राहिलास. बाकीचे उपाशी."

तिने राखीव वाटा पुन्हा सुरू केला, प्रोग्रामचा अधिकार बेताचा केला, एकोला हिशेबाला सवड मिळावी म्हणून आवाज क्षणभर साठवणारा बफर वाढवला.

चंदन सुंदराबाईंच्या दारी गेला. "बाई, बाधा तुमच्या गळ्यात नव्हती, माह्या डोक्यात होती."

"मले काय सांगतं," त्या म्हणाल्या, "बारशाले न बोलावणाऱ्या त्या बायांले सांग."

मग त्याने गल्लीला बोलावलं, जुन्या सेटिंगवर स्वतः गाऊन मशीन थिजवून दाखवलं. सेटिंग बदललं. सुंदराबाई घुमत्या एकोत ओवी संपेपर्यंत गायल्या. महाराज म्हणाले, अंगारा उशिरा लागू पडला. या वेळी मात्र बाया हसल्या.

यंत्र अडलं, तर एकेक गोष्ट बदलून पाहावी, कारण सापडतं. माणसावर बाधेचा शिक्का मारायला अक्कल लागत नाही. चंदनलाही ते सहज जमलं होतं.